कुपीचा सातबारा

(सरांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील चौथ्या पुष्पाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, विषय काय छापू?" मी म्हटलं, "पेप्टाइड." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते अजिजीनं म्हणाले, "पत्रिका गावभर जाते हो." म्हणून पत्रिकेवर 'औषधांची शुद्धता' असं छापलं आहे. बोलणार मात्र मी पेप्टाइडांवरच. फसवल्यासारखं वाटलं तर चहाच्या वेळी सांगा.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते सर मला नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेत एक काचेचं कपाट, दोन स्पिरिटचे दिवे आणि एक मोरी, एवढाच संसार. सरांचा नियम होता: लेबल नसलेली बाटली मोरीत. एकदा कपाट आवरताना एका बाटलीचं लेबल कसरीनं खाल्लेलं निघालं. आत निळेशार खडे. मी म्हटलं, "सर, मोरचूदच आहे, रंगावरून दिसतंय की." सर म्हणाले, "तुला दिसतंय. बाटली सांगतेय का?" आणि खडे गेले. मला तेव्हा तो नुसता हेका वाटला होता.

पुढे तीसेक वर्षं ज्या पदार्थांबरोबर काढली, त्यांना मोरचुदाचा रंगसुद्धा नव्हता. बोटभर उंचीची काचेची कुपी, तिच्या तळाशी पांढरा भुगा. कधी तोही नाही, काचेला चिकटलेला नुसता पापुद्रा. डोळ्याला सगळ्या कुप्या सारख्या. खरी आणि खोटी सारखी, ताजी आणि उतरलेली सारखी. अशा मुक्या पावडरीवर विश्वास कधी ठेवायचा आणि कशाच्या जोरावर, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. नेहमीच्या वापरात अशी वीस अमिनो आम्लं आहेत. ती एकापुढे एक जोडली की साखळी होते. साखळी लांबलचक असली की तिला प्रथिन म्हणतात, आखूड असली की पेप्टाइड. हा शब्द एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये रूढ केला. गजरा डोळ्यासमोर आणा. मोगरा, अबोली, मरवा, पुन्हा मोगरा. फुलं तीच, पण क्रम बदलला की गजरा बदलतो. पेप्टाइडाचं सगळं शहाणपण या क्रमात असतं.

आता एकच पेप्टाइड जवळून पाहू. तुमच्यातल्या ज्यांनी गोठा पाहिला आहे त्यांना ते ठाऊक आहे, फक्त नाव माहीत नसेल. धार काढायच्या आधी वासराला आचळाशी का सोडतात? वासरू ढुशा देतं आणि गाय पान्हवते. दूध कासेत आधीच असतं, पण पान्हा फुटल्याशिवाय ते उतरत नाही. वासराच्या ढुशीची वर्दी मज्जातंतूंवरून मेंदूकडे जाते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून एक पेप्टाइड रक्तात सुटतं आणि कासेतल्या बारीक स्नायूंना आवळायला सांगतं. त्याचं नाव ऑक्सिटोसिन. हेच पेप्टाइड बाळंतिणीच्या गर्भाशयालाही आवळायला लावतं. कळा आणि पान्हा हे आपल्या भाषेतले दोन वेगळे शब्द, पण दोन्हींमागे रेणू एकच. नऊ अमिनो आम्लांचा.

पियूषिकेच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ मध्ये नोंदवलं. तेव्हा लोकांच्या हाती होता तो अर्क, म्हणजे ग्रंथी कुटून काढलेला काढाच. त्यात काय आणि किती आहे हे कोणी सांगू शकत नव्हतं. वजन करण्यात अर्थ नव्हता, कारण वजन कशाचं करणार? म्हणून तो अर्क प्राण्याच्या गर्भाशयाच्या तुकड्यावर किती काम करतो ते पाहून त्याला 'एकक' ठरवलं. आजही ऑक्सिटोसिनच्या अँप्यूलवर मिलिग्रॅम नसतात, आंतरराष्ट्रीय एककं असतात. ती त्या काढ्याच्या दिवसांची आठवण आहे.

मग अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी अर्कातून ऑक्सिटोसिन शुद्ध करून वेगळं काढलं, त्याच्या नऊ फुलांचा क्रम लावला आणि १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. असं संप्रेरक माणसानं बनवण्याची ती पहिली वेळ. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्याच ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं आणखी एक पेप्टाइड निघतं. त्यातही नऊच फुलं, आणि ऑक्सिटोसिनशी तुलना केली तर फरक फक्त दोन जागी. पण व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी राखायला सांगतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. नऊपैकी दोन फुलं बदलली आणि निरोपच बदलला. म्हणून आमच्या धंद्यात "थोडीशी चूक" असं काही नसतं.

तर हा गजरा ओवतात कसा? द्यू विन्योंच्या काळी प्रत्येक फूल जोडल्यावर पदार्थ शुद्ध करावा लागे, गाळा, वाळवा, स्फटिक पाडा. महिनेच्या महिने जात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ब्रूस मेरिफील्ड यांनी वेगळी युक्ती काढली. साखळीचं शेवटचं फूल त्यांनी प्लॅस्टिकच्या बारीक दाण्याला बांधून टाकलं. आता एकेक फूल जोडायचं आणि उरलंसुरलं धुऊन टाकायचं. साखळी दाण्याला घट्ट असल्यामुळे ती वाहून जात नाही. ओवून झालं की शेवटी दाण्यापासून सोडवायची. १९६३ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा दाखवायला फक्त चार अमिनो आम्लांची साखळी होती. पुढे हे काम यंत्र करू लागलं, आणि १९८४ मध्ये नोबेल आलं. आज जगभर संशोधनासाठी जी पेप्टाइडं विकत मिळतात, त्यातली बहुतेक अशीच दाण्यावर ओवलेली असतात.

मात्र युक्तीबरोबर तिचा दोषही आला. गजरेवाली एका वेळी एक गजरा ओवते. इथे अब्जावधी गजरे एकदम ओवले जातात, आणि प्रत्येक फेरीत काही सुया फूल चुकवतात. पूर्वी दर फेरीनंतर शुद्धीकरण होत असे, आता चुकलेला गजराही दाण्याला तसाच लटकून पुढे जातो. समजा दर फेरीत १०० पैकी ९९ गजऱ्यांना फूल मिळालं. परीक्षेत ९९ मार्क पडले तर आपण पेढे वाटू. पण ३० फुलांचा गजरा असेल, तर २९ फेऱ्यांनंतर पूर्ण आणि बरोबर गजरे उरतात साधारण ७५ टक्के. दर फेरीला ९५ टक्के यश असेल तर उरतात जेमतेम २३ टक्के. बाकीच्यांत कुठलं ना कुठलं फूल गळलेलं. आणि ते मूळ गजऱ्याशी इतके मिळतेजुळते असतात की त्यांना वेगळं काढणं हेच खरं काम होऊन बसतं. पेप्टाइडाची किंमत ओवण्यापेक्षा निवडण्यात जास्त जाते, तांदळासारखी.

आता आपण मुद्द्यावर आलो. कुपी घरी आली. तिच्याबरोबर एक कागद येतो, विश्लेषणाचा दाखला. मी विद्यार्थ्यांना सांगायचे, हा कुपीचा सातबारा आहे. जमीन घेताना आपण बांधावर उभं राहून "वा, काळीभोर आहे" म्हणतो का? सातबारा काढतो, नाव बघतो, क्षेत्र बघतो, आणि शहाणा माणूस 'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात आधी वाचतो. बोजा तिथे लिहिलेला असतो. कुपीचा सातबाराही तसाच वाचायचा.

पहिली नोंद ओळखीची. आत जे आहे ते खरंच तेच पेप्टाइड आहे का? यासाठी रेणूचं वजन करतात, वस्तुमान वर्णपटमापक नावाच्या यंत्रावर. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'मास' म्हणतात. ऑक्सिटोसिनच्या रेणूचं वजन सुमारे १००७ यायला हवं. १०२३ आलं तर १६ नं वाढलं, म्हणजे कुठेतरी ऑक्सिजन चिकटला असावा. एक कमी किंवा एक जास्त आलं तरी त्याला कारण असतं. पण मासलाही सगळं दिसत नाही. दोन शेजारची फुलं अदलाबदल झाली तर वजन तेच राहतं.

दुसरी नोंद शुद्धतेची. द्रावण बारीक कण ठासून भरलेल्या एका नळीतून दाबानं ढकलतात. निरनिराळे रेणू निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर डोंगररांग उमटते. या डोंगरांना आम्ही 'पीक' म्हणतो. माझ्या वडिलांना मी फोनवर एकदा म्हटलं होतं, "आज पीक छान आलं." ते म्हणाले, "कशाचं?" एकच उंच, सुबक पीक आणि आजूबाजूला सपाटी असेल तर शुद्धता चांगली. दाखल्यावर ९८ टक्के लिहितात. मी आकड्याआधी आलेख मागते. आकडा म्हणजे सातबाराची झेरॉक्स. मोठ्या पिकाच्या पायथ्याशी टेकलेलं खांद्यासारखं छोटं पीक आकड्यात दडतं, आलेखात दडत नाही.

तिसरी नोंद म्हणजे 'इतर हक्क', आणि तीच लोक वाचत नाहीत. बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्याला मी काय सांगतेय ते लगेच कळेल. माल निवडलेला आहे, खडा नाही, काडी नाही, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो, कारण पोत्यात सोयाबीनबरोबर पाणीही मापलं जातं. पेप्टाइडाचंही असंच. शुद्धता ९८ टक्के याचा अर्थ, जेवढं पेप्टाइड आहे त्यात ९८ टक्के बरोबर आहे. पण पावडरीत पेप्टाइडाशिवाय ओलावा असतो आणि शुद्धीकरणात वापरलेल्या आम्लाचे क्षारही असतात. निव्वळ पेप्टाइड कित्येकदा ७५ टक्क्यांच्या आसपासच भरतं. म्हणजे ५ मिलिग्रॅम लिहिलेल्या कुपीत पेप्टाइड पावणेचार मिलिग्रॅम. ज्यानं हा रकाना वाचला नाही, त्याचा प्रत्येक प्रयोग पावशेरानं चुकतो. शिवाय तो क्षार बहुधा ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचा असतो. वाढवलेल्या पेशींवर काम करायचं असेल तर तो स्वतःच लुडबुड करू शकतो. म्हणून ॲसिटेट किंवा हायड्रोक्लोराइड रूपात बदलून घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट बहुतेक सातबारांवर नसतेच: जिवाणूंचा मागमूस. काही जिवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेले तरी तो उरतो, आणि आमच्या डोंगररांगेत तो दिसत नाही. पांढऱ्या पेशींना मात्र त्याची सुईच्या टोकाएवढी मात्राही पेटवायला पुरते. संशोधक म्हणतो, माझ्या पेप्टाइडनं प्रतिकारशक्ती जागी केली. जागी केलेली असते जिवाणूच्या कलेवरानं. हा पदार्थ शोधायची नेहमीची चाचणी नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून बनते. हा प्राणी आपल्या देशात ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. कुठलं रक्त आणि कुठली कुपी! असाच धडा २००८ मध्ये एचआयव्ही लसीवर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी जगापुढे ठेवला. विकत घेतलेल्या पेप्टाइडात दुसऱ्याच एका पेप्टाइडचा अंश मिसळला होता, आणि पेशींचा प्रतिसाद त्या अंशाला होता. वेळीच लक्षात आलं नसतं तर तो लसीच्या खात्यावर जमा झाला असता.

इथवर बनवणाऱ्याची जबाबदारी झाली. आता आपली. आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे.

जुलै महिना, मुंबई. भिंतीला बुरशी, वह्यांची पानं मऊ. उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून मी कुपी काढली, घाई होती, लगेच झाकण उघडलं, लागेल तेवढी पावडर तोलली, झाकण लावलं, परत आत. असं तीन आठवडे, दोन-दोन दिवसांनी. पहिल्या आठवड्यातले निकाल सुरेख. दुसऱ्यात थोडे घसरले. तिसऱ्यात अशी वेळ आली की तेवढ्याच परिणामासाठी दुप्पट पेप्टाइड लागायला लागलं. मी पेशींना दोष दिला, माध्यमाला दिला, नव्या पिपेटला दिला. शेवटी कुपीतली पावडर मासवर घातली. मूळ वजनाच्या शेजारी १६ नं जास्त असलेलं दुसरं पीक दिमाखात उभं. माझ्या पेप्टाइडात मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल होतं, त्यानं ऑक्सिजन घेतला होता. तोलतानाचा काटाही खोटा पडत होता, कारण पावडरीनं पाणी ओढलं होतं.

आमच्याकडचे जुने प्रयोगशाळा सहायक ते बघून म्हणाले, "मॅडम, घरी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालता का?" सगळं त्यात आलं. गोठवून वाळवलेली पावडर पाण्यासाठी वखवखलेली असते. थंडगार कुपी दमट हवेत उघडली की हवेतली वाफ थेट आत, पावडरीवर दव होऊन बसते, जसं फ्रीजमधल्या बाटलीला बाहेर काढल्यावर घाम फुटतो. म्हणून कुपी आधी शोषक दाण्यांच्या डब्यात ठेवायची, झाकण बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, अर्धा-एक तास, आणि मगच उघडायची. उघडायची तेव्हा एकदाच. लागेल तेवढे छोटे वाटे करून ठेवायचे आणि एक वाटा एकदाच वापरायचा. आई लोणच्याच्या मोठ्या बरणीतून आठवड्याची छोटी बरणी भरायची, मोठीला रोज हात नाही. आम्ही हीच गोष्ट इंग्रजी नावानं पुन्हा शिकलो.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. कोरडी पावडर उणे २० अंशांत किंवा त्याहून थंडीत, अंधारात, वर्षानुवर्षं टिकते. तीच पाण्यात विरघळवली की घड्याळ चालू होतं. गोठवणं-वितळवणं वारंवार झालं की साखळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणून बर्फ आपोआप वितळवणारा घरगुती फ्रीझर नको, तो रोज स्वतःला थोडा थोडा तापवत असतो. विरघळवताना पेप्टाइडाचा स्वभाव बघायचा. कुणाला नुसतं निर्जंतुक पाणी चालतं, कुणाला थोडं ॲसेटिक आम्ल लागतं, कुणी तेलकट असतं आणि पाण्याला पाठ फिरवतं. खळाखळा हलवायचं नाही, फेस झाला की बिघडतं. आणि द्रावण फार पातळ असेल तर पेप्टाइड भांड्याच्या भिंतीलाच चिकटतं, ताकातलं लोणी रवीला चिकटावं तसं. नळीत द्रावण दिसतं, पेप्टाइड मात्र भिंतीवर. भारनियमनाच्या दिवसांत फ्रीझरच्या दारावर आम्ही वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायचो. त्या नोंदी नसत्या तर कुठल्या कुपीवर विश्वास ठेवायचा हे कळलं नसतं.

माझी ती कुपी गेली. तिच्यात ११ मिलिग्रॅम उरले होते, महिन्याच्या पगाराच्या हिशेबानं पाहिलं तर पोटात खड्डा पडावा असे. मी वहीत लिहिलं, 'ओलावा लागला, टाकली', आणि सरांची मोरी आठवली.

कुणी म्हणेल, हे झालं प्रयोगशाळेचं. आपला काय संबंध? म्हणून पुन्हा ऑक्सिटोसिनकडे येते.

बाळंतपणानंतर वार पडली की गर्भाशयानं आवळून रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात. ते सैल राहिलं तर रक्त थांबत नाही, आणि पाहता पाहता बाई हातची जाते. हे टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाळंतिणीला ऑक्सिटोसिनची १० एककं द्यायला सांगते. १० एककं म्हणजे वजनानं सुमारे १७ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक दाणा ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे मिठाच्या दाण्याच्या एक तृतीयांशाहून कमी, एवढ्यावर आईचा जीव.

हा कण द्रावणात असतो, पावडर नाही. त्याला २ ते ८ अंशांची थंडी हवी. उन्हाळ्यात, विदर्भात मे महिन्यात, औषधाच्या खोलीत ४० अंशांवर महिनाभर पडलेल्या अँप्यूलकडे बघून काहीच कळत नाही. द्रावण स्वच्छ, पाण्यासारखं. पण ऑक्सिटोसिनच्या साखळीत पहिल्या आणि सहाव्या फुलाला गंधकाच्या दोन अणूंची कडी जोडलेली असते, आणि उष्णतेत ती कडी सुटते, भलतीकडे जुळते, दोन रेणू एकमेकांत अडकतात. अँप्यूल तीच, लेबल तेच, आतलं औषध उतरलेलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी या तिघांना एकत्र निवेदन काढावं लागलं की ऑक्सिटोसिन लसींसारखंच शीतसाखळीत ठेवा.

रसायनशास्त्रानं यावर एक तोडही काढली. ती नाजूक गंधकाची कडी बदलून तिथे गंधक आणि कार्बनची मजबूत कडी घातली, आणखी एक-दोन बदल केले आणि कार्बेटोसिन तयार झालं. त्याचं उष्णता सोसणारं रूप ३० अंशांत तीन वर्षं टिकतं. १० देशांतल्या जवळजवळ ३०,००० बाळंतिणींवर त्याची चाचणी झाली, त्यात भारतही होता. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की नैसर्गिक बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडत नाही. फ्रीज पोचवता येत नसेल तिथे रेणूच चिवट करायचा, अशी ही वाट.

आणि जिथे फ्रीजही नाही, नवा रेणूही नाही? आपल्याकडे इन्सुलिन घेणारी किती माणसं कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठात ठेवतात. वेडेपणा नाही तो. माठ पाझरतो, पाणी उडतं, आत बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी थंड राहतं. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. त्याला उन्हानं धोका आणि बर्फानंही. फ्रीझरच्या कप्प्याला टेकून गोठलेलं इन्सुलिन वितळून परत पाण्यासारखं दिसलं, तरी ते वापरायचं नाही. प्रत्येकाची थंडी वेगळी: कोरड्या पावडरीला गोठणं चालतं, इन्सुलिनला नाही.

याच इन्सुलिननं शुद्धतेचा पहिला धडा दिला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. अर्क गढूळ, तपकिरी. साखर थोडी उतरली, पण सुईच्या जागी गळू झालं, पुढची मात्रा थांबवावी लागली. मग जेम्स कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला तोच मुलगा, तेच औषध, फक्त स्वच्छ, आणि साखर उतरली. मधल्या बारा दिवसांत शोध नवा लागला नाही. शुद्धता आली.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण आज कुप्या प्रयोगशाळेच्या बाहेर पडल्या आहेत. एक तरुण मुलगा माझ्याकडे मोबाइल घेऊन आला. "मॅडम, हे बघा, बीपीसी-१५७, जिममधले सगळे घेतात, खांदा बरा होतो म्हणे." १५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, २०२२ पासून खेळाडूंसाठी निषिद्ध यादीत. कुपीवर बारीक अक्षरात छापलं होतं, 'फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरासाठी नाही'. मी विचारलं, "हे वाचलंस?" तो म्हणाला, "ते कायद्यासाठी लिहितात हो." मुलगा हुशार होता, पण उलटं वाचत होता. ती ओळ कायद्याची पळवाट असेलही, पण मजकूर खरा आहे. त्या कुपीची निर्जंतुकता कोणी पाहिलेली नाही, एंडोटॉक्सिन मोजलेलं नाही, ती कोणत्या उन्हातून, कोणत्या कुरिअरच्या गोदामातून आली ते माहीत नाही, आणि माणसांत किती मात्रा चालते हे ठरवणाऱ्या नीट चाचण्याच झालेल्या नाहीत. पेशींच्या डबीत हे चालतं, कारण तिथे फार तर माझा प्रयोग मरतो. मुलानं ती टोचली नाही असं मला वाटतं. खात्री नाही.

आणि दुसरी बाटली गोठ्यात असते. लेबल नसलेली प्लॅस्टिकची बाटली, 'दूध उतरवायचं इंजेक्शन'. तेच ऑक्सिटोसिन, किंवा तेच आहे असं विकणारा म्हणतो. वासराची ढुशी नको म्हणून सुईची ढुशी. हा गैरवापर थांबवण्यासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला खासगी कंपन्यांना बंदी केली आणि काम एकाच सरकारी कंपनीवर सोपवलं. तेव्हा प्रश्न उभा राहिला की बाळंतिणींना ते पुरणार का? डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. एकाच नऊ फुलांच्या साखळीपायी एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला बाई, आणि मधोमध लेबल नसलेली बाटली. सरांनी ती बघितली असती तर चर्चा न करता मोरीत ओतली असती.

शेवटची गोष्ट सांगून थांबते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी गेले होते. रंग उडालेल्या भिंती, पंखा कुरकुरत होता, बाळंतपणाच्या खोलीत तयारी चालू होती. सिस्टरांनी लसींच्या फ्रीजमधून ऑक्सिटोसिनच्या दोन अँप्यूल काढल्या, दोनच. स्टीलच्या ट्रेत ठेवल्या. मग खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली, दातानं तुकडा तोडला, ट्रेच्या कडेला लावला आणि निळ्या पेननं लिहिलं: बाहेर काढलं ९.१०. खाली सही. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. नंतर मलाच आठवत नाही ना, कधी काढलं ते."

आत बाई कण्हत होती. सिस्टर ट्रे घेऊन आत गेल्या. ट्रेला लेबल होतं.